गाडीचं काळं प्लास्टिक पांढरं पडलंय, खंडेनवमीच्या आत परत काळं करायचंय

वडगाव_गल्ली | १४ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची, पांढरी हॅचबॅक, केए-२२. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली. चालायला अजून चोख, एकदाही रस्त्यात उभी राहिलेली नाही. खरं तिचं काळं प्लास्टिक बघवत नाही. दोन्ही बंपरची खालची पट्टी, दारांखालची क्लॅडिंग म्हणजे प्लास्टिकची पट्टी, आरशांची बुडं, वायपरखालची जाळी, सगळं चुलीतल्या राखेच्या रंगाचं झालंय. आमच्या गल्लीत गाडी आत घ्यायला जागा नाही, पहिल्या दिवसापासून घरासमोर उघड्यावर उभी. दुपारचं ऊन उजव्या बाजूवर येतं, त्यामुळं उजवी बाजू जास्त गेलीय.

आजवर केलेलं सांगतो. डॅशबोर्डचं पॉलिश लावलं, आठवडा टिकलं. रॉकेलच्या फडक्यानं पुसलं, दोन दिवस. बुटाचं काळं पॉलिश लावलं, ते वळवाच्या पहिल्या सरीत वितळून पांढऱ्या रंगावर ओघळलं, ते काढायला अर्धा दिवस गेला. नवीन पार्टची चौकशी केली. या मॉडेलची क्लॅडिंग आता मिळत नाही म्हणाले.

बाबांचे गुडघे गेलेत, गाडी चालवत नाहीत. संध्याकाळी कट्ट्यावर बसतात आणि समोर गाडी. याच गाडीतून सौंदत्ती, जोतिबा, पंढरपूर सगळं त्यांनी स्वतः चालवत केलंय. परवा म्हणाले, "बंपर पुसला नाहीस काय रे? भस्म लावल्यासारखं दिसूलालंय." तासाभरापूर्वीच पुसलेला होता. तेव्हापासून मनात घेतलंय, यंदा खंडेनवमीला पूजा होईल तेव्हा ते प्लास्टिक काळं असलं पाहिजे. पावसाळा मध्ये आहे, म्हणजे पावसात टिकणारं काहीतरी सांगा.

खानापूर_मास्तर | १४ एप्रिल, रात्री १०.१५

खोबरेल तेल लावावे. मी गेली सहा-सात वर्षे माझ्या गाडीला दर पंधरा दिवसांनी लावतो. घरचे असते, खर्च नाही, हाताला अपाय नाही. जुन्या बनियनचे फडके घ्यावे, तेल थोडे कोमट करावे, रात्री लावावे आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसावे. काळेभोर दिसते.

जांबोटीकर | १५ एप्रिल, सकाळी ७.०५

मास्तर, तुमचा अनुभव खरा, खरं आमच्याकडं ते चालत नाही ओ. मी आठवड्यातून दोनदा चोर्ला घाटातून गोव्याला जातो. जून ते सप्टेंबर कणकुंबीपासून पुढं गाडी धुवावी लागतच नाही, पाऊसच धुतो. तेल एका फेरीत जातं. आणि उन्हाळ्यात लावलं तर आमची तांबडी माती त्यावर अशी बसते की काळं सोडा, बंपर विटकरी होतो.

अथणी_ऊस | १५ एप्रिल, सकाळी ८.३०

एवढं कशाला. डिझेल मारा. आमच्या भागात ट्रॅक्टर, जीप, सगळ्याला डिझेल नाहीतर जळकं ऑइल. कारखान्याचा सीझन सुरू असताना धूळ आणि उसाचं पाचट नुसतं उडत असतं, त्यात पॉलिश कोण बघतंय.

उद्यमबाग_मोल्डिंग | १५ एप्रिल, रात्री ९.५५

मी उद्यमबागेत प्लास्टिक मोल्डिंगच्या कामात आहे, पंधरा वर्षं झाली. गाडीचे हे पार्ट आम्ही काढत नाही, पण माल ओळखीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडगाव दादा, आधी बॅटरी घेऊन क्लॅडिंगचा खालचा काठ आतून बघा. > < अशा दोन कोनी खुणांच्या मध्ये कोरलेली अक्षरं दिसतील. बहुतेक पीपी अधिक ईपीडीएम असेल आणि पुढं टी-२० किंवा तसलं काही. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ईपीडीएम हे त्यात मिसळलेलं रबर, धडक बसली तर तडकू नये म्हणून. टी म्हणजे टाल्क, आपली शंखजिऱ्याची पूड, वजनानं वीस टक्के. काळा रंग येतो कार्बन ब्लॅकमुळं, म्हणजे काजळीच. ती नुसत्या रंगासाठी नसते. ऊन स्वतः शोषून ती प्लास्टिकला वाचवते. त्याशिवाय उन्हाला रोखणारी रसायनंही मालात घातलेली असतात. ती वर्षानुवर्षं थोडी थोडी खर्च होतात, आणि संपली की पुढचं झपाट्यानं होतं. म्हणून सहा-सात वर्षं गाडी नवी दिसते आणि मग दोन उन्हाळ्यांत म्हातारी.

पांढरं का पडतं? उन्हातले अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात आणि तुटल्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन जोडला जातो. वरचा पातळ थर ठिसूळ होतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आतली टाल्क उघडी पडते. त्या खडबडीत जागेवर उजेड चहूकडं विखुरतो, आणि आपल्याला पांढरट दिसतं. रंग उडालेला नसतो. खालच्या थरात काळा तसाच आहे. खात्री करायची असेल तर नुसतं पाणी मारून बघा, ओलं असेपर्यंत काळंच दिसेल. भेगा पाण्यानं भरतात, उजेड विखुरायचा थांबतो. खोबरेल तेल, डॅशबोर्ड पॉलिश, डिझेल, सगळी तेच करतात. पाण्यापेक्षा जास्त दिवस टिकतात एवढंच. बरं कोणीच करत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. हवा गार म्हणून ऊन अंगाला जाणवत नाही, पण अतिनील किरण उंचीवर थोडे जास्तच असतात. गाडी उघड्यावर ठेवणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

अथणीच्या अण्णांना हात जोडून विनंती, डिझेल थांबवा. ईपीडीएम रबराला डिझेल, पेट्रोल, खनिज तेल सोसत नाही, ते फुगतं आणि ढिलं पडतं. दाराचं रबर आणि काचेचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बहुतेक त्याचंच असतं. आणि जळकं ऑइल हातानं चोळू नका, त्यातल्या घटकांनी कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. यात मी जराही वाढवून सांगत नाही.

खानापूर_मास्तर | १५ एप्रिल, रात्री १०.३०

पाण्याचे उदाहरण वाचून पाटी आठवली. दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसली की काळी कुळकुळीत, वाळली की करडी. चाळीस वर्षे रोज पाहिले, पण कारण आज समजले. आभारी आहे. तर मग यावर इलाज काय, तेही सांगावे.

टिळकवाडी_ताई | १६ एप्रिल, दुपारी ३.१०

इलाज आहे, आणि त्यातला मोठा भाग बाटलीत नाही, ब्रशात आहे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, आणि आमच्या दोन्ही गाड्यांचं काम गेली काही वर्षं मीच करते. दोनदा फसल्यावर जे समजलं ते लिहिते.

पहिल्यांदा मी एका दुकानात पैसे देऊन ट्रिमचं, म्हणजे या काळ्या प्लास्टिकचं, कोटिंग करून घेतलं होतं. नाव लिहीत नाही. त्यांनी गाडी शाम्पूनं धुतली, वाळवली आणि लगेच कोटिंग चढवलं. दोन महिने सुंदर दिसलं. मग जागोजागी नकाशासारखं उठलं, काही ठिकाणी काळं, काही ठिकाणी पांढरं, आणि ते आधीच्यापेक्षा वाईट दिसत होतं. कोटिंगचा दोष नव्हता. ते प्लास्टिकला चिकटलंच नव्हतं, वरच्या जुन्या पॉलिशमधल्या सिलिकॉनला चिकटलं होतं. सिलिकॉन गेलं, त्याच्याबरोबर तेही गेलं.

वडगाव, तुझ्या बंपरवर आत्ता डॅशबोर्ड पॉलिश, रॉकेल, बुटाचं मेण आणि वर्षांची धूळ अशी थरावर थर बसली आहे. प्लास्टिकचा पृष्ठभाग दाणेदार असतो, हे सगळं त्या दाण्यांच्या मधल्या खळग्यांत असतं. फडकं वरून फिरतं, खाली पोचतच नाही.

भांडी घासायच्या लिक्विडनं सुरुवात कर. एरवी गाडीच्या रंगावर ते मी वापरू देणार नाही, कारण मेण उतरतं, पण इथं तेच हवं आहे. कडक नायलॉनचा ब्रश आणि कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. फेस आधी चहासारखा येईल. धुऊन टाक, परत घास. मग ऑल पर्पज क्लीनर, दहा भाग पाण्यात एक भाग, परत ब्रश. फेस पांढरा येईपर्यंत थांबायचं नाही. मला एका बंपरला चार वेळा करावं लागलं होतं. क्लीनर उन्हात वाळू देऊ नकोस, डाग राहतात. सकाळी सात-साडेसातला सावलीत काम उरकायचं.

पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळतं. मायक्रोफायबरच्या कापडावर घेऊन पुसायचं, कापड काळं-पिवळं यायचं थांबेपर्यंत. शेजारच्या रंगावर आधी मास्किंग टेप लावून घे. हातात नायट्राइलचे ग्लोव्हज, जवळपास विडी-सिगारेट आणि देवाचा दिवाही नको, हे ज्वलनशील आहे.

मग परीक्षा. पाण्याचा फवारा मार. थेंब गोल होऊन घरंगळले तर सिलिकॉन अजून आहे, परत पहिल्यापासून. पाणी सपाट पसरलं तर प्लास्टिक उघडं झालं. आता ते फारच पांढरं दिसेल, पहिल्यापेक्षाही. घाबरू नकोस. तेच त्याचं खरं रूप आहे.

आणि एक. रंगाच्या मेणाचे पांढरे फराटे प्लास्टिकवर असतील तर ते वेगळं दुखणं आहे. तिथं शाळेतला पांढरा खोडरबर घासला तरी बरेचसे निघतात.

वडगाव_गल्ली | १६ एप्रिल, रात्री ८.२०

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. मागच्या काठाला अक्षरं सापडली, पीपी अधिक ईपीडीएम टी-१५. म्हणजे दादांनी सांगितलेलाच माल. खरं हे सगळं उघडं केल्यावर त्यावर लावायचं काय? आमच्या वर्कशॉपात हीट गन आहे, एक पोरगा म्हणाला गन फिरवली की नव्यासारखं होतं.

उद्यमबाग_मोल्डिंग | १६ एप्रिल, रात्री ९.००

होतं, खोटं नाही. वरचा थर मऊ होऊन भेगा मिटतात आणि काळं वर दिसतं. पण उन्हाला रोखणारी रसायनं संपलेली असतात ती गननं परत येत नाहीत, त्यामुळं काही महिन्यांत परत पांढरं. दुसऱ्यांदा केलं की दाणा सपाट व्हायला लागतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि गनच्या तोंडाची हवा पाचशेच्या वर असते. हात एक क्षण थांबला की पातळ क्लॅडिंगला पोक आलंच, शेजारचा रंगही फुगतो. करायचंच असेल तर आधी वरच्यासारखं साफ करा, नाहीतर तेल आणि मळ भाजून आत बसतो. वीतभर अंतर, हात सतत फिरता. मी स्वतः माझ्या गाडीला केलं नाही.

निपाणी_२३ | १७ एप्रिल, सकाळी ६.४५

राम राम. आमच्या वडिलांच्या जीपला मी उकळलेलं जवसाचं तेल लावलंय. बैलगाडीच्या लाकडाला आजोबा लावायचे तेच. हे तेल खोबरेलासारखं ओलं राहत नाही. हवा लागली की घट्ट होतं, पातळ कातडं धरतं. पार पाच महिने टिकलं बघा, पावसाळा धरून. खायचं कच्चं तेल घेऊ नका, ते वाळता वाळत नाही, चिकट राहतं. रंगाच्या दुकानात उकळलेलं म्हणून मागा. एकदम पातळ हात, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून टाका.

खरं एक गोष्ट काळीज हातात घेऊन सांगतो. पहिल्या वेळी काम झाल्यावर तेलाची फडकी गोळा करून बादलीत टाकली आणि बादली शेडात ठेवली. दीड-दोन तासांनी करपल्यासारखा वास आला. बघतोय तर बोळा आतनं चटका बसावा एवढा तापलेला, मधे तपकिरी पडलेला. शेडात भुसा होता, बाजूला तंबाखूची पोती. घरात कुणी नसतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. काडी नाही, विडी नाही, आपोआप.

टिळकवाडी_ताई | १७ एप्रिल, सकाळी ९.३०

निपाणी, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. जवसाचं तेल वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडत नाही, ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या कापडात ती निघून जाते. बोळ्यात अडकते, तापमान वाढतं, संयोग आणखी वेगानं होतो, आणि शेवटी पेट घेतं. फडकी बाहेर मोकळ्या जागी एकेक करून पसरून वाळवायची, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवायची. हे तेल लावणाऱ्या प्रत्येकानं आधी हा परिच्छेद वाचावा.

माझ्या मते गाडीला ते चालेल, पण कालांतरानं पिवळसर आणि टप्प्याटप्प्यांचं दिसतं, आणि एकदा घट्ट झालं की काढणं अवघड.

संकेश्वर_पेंटर | १७ एप्रिल, रात्री १०.१०

डेंटिंग-पेंटिंगचं माझं गॅरेज आहे, म्हणून रंगाचं मी सांगतो. स्प्रेचा डबा आणून थेट काळा मारू नका. पॉलिप्रॉपिलीन हे असलं प्लास्टिक की त्याला काहीच धरत नाही, रंग महिन्याभरात सालीसारखा सुटतो. माझ्याकडं असल्या गाड्या आठवड्याला येतात आणि आधीचा रंग काढायलाच दुप्पट वेळ लागतो. रीत अशी: साफ करणं ताईंनी सांगितलं तसं, मग स्कॉचब्राइटनं खरवडणं, मग पीपीला चालणारा प्लास्टिक प्रायमर, मग फ्लेक्सिबल मॅट काळा. प्रायमरच्या डब्यावर पीपी लिहिलंय का बघून घ्या, सगळे चालत नाहीत. आणि एकदा रंगवलं की ते कायमचं रंगवलेलं, दगड उडाला की टवका जाणारच. खड्ड्यांच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीच्या खालच्या पट्टीला मी गिऱ्हाइकाला स्वतः नको म्हणतो.

वडगाव_गल्ली | २७ एप्रिल, दुपारी १.००

काम झालं. सविस्तर लिहितो, कारण मी एक वेगळं केलंय.

ताईंशी बोलून ट्रिमसाठीचं सिरॅमिक कोटिंग मागवलं, ज्यात काळा रंगही असतो. अंगठ्याएवढी बाटली, खरं दोन-तीन थेंबांत हातभर पट्टी होते. आता मला बघायचं होतं, घासण्यानं खरंच फरक पडतो काय. म्हणून पुढच्या बंपरची मधोमध टेप लावून दोन भाग केले. डावा भाग नुसता शाम्पूनं धुतला, जसं मी आजवर करत आलोय तसा. उजवा भाग, जो उन्हानं जास्त खाल्लेला, ताईंच्या रीतीनं. फेस पांढरा यायला पाच वेळा लागल्या. चौथ्या वेळीसुद्धा बुटाच्या पॉलिशचं काळं येत होतं. अल्कोहोलनं पुसल्यावर फवारा मारला तर पाणी पसरलं. डाव्या भागावर मात्र थेंब घरंगळले.

मग दोन्हीवर एकच बाटली, एकच हात, एकच सकाळ. दीड मिनिटानं मायक्रोफायबरनं उरलेलं पुसलं, नाहीतर पट्टे पडतात. दारांच्या क्लॅडिंगला आणि आरशांना पूर्ण घासूनच लावलं. डाव्या मागच्या दाराच्या क्लॅडिंगला मात्र घासून झाल्यावर खोबरेल लावलंय, मास्तरांच्या मानाखातर. तेही नीट तपासलं पाहिजे ना. गाडी दीड दिवस पाण्याविना गल्लीतल्या एका काकांच्या शेडात ठेवली.

आज दोन्ही भाग सारखेच काळे दिसतायत. फोटो टाकलाय, ओळखून दाखवा.

खानापूर_मास्तर | २७ एप्रिल, दुपारी २.२५

ओळखता येत नाही. खोबरेलाला संधी दिलीत, बरे वाटले. निकाल काय येईल तो प्रामाणिकपणे लिहावा.

जांबोटीकर | २७ एप्रिल, रात्री ८.५०

रूफ रेलच्या खाली आणि काचेच्या बीडिंगमध्ये आमच्याकडं हिरवं शेवाळ धरतं. त्यावर कोटिंग चालेल काय?

टिळकवाडी_ताई | २७ एप्रिल, रात्री ९.१५

शेवाळ आधी मुळापासून काढायचं. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर, टूथब्रश, मग भरपूर पाणी. वरून कोटिंग मारलं तर शेवाळासकट सुटेल. आणि पावसाळ्यात हे काम काढूच नका, दमट हवेत प्लास्टिकच्या खळग्यांतलं पाणी वाळत नाही. मेपर्यंत उरका, नाहीतर दसऱ्यानंतर.

वडगाव_गल्ली | १८ मे, सकाळी ११.३०

वळवाचे तीन पाऊस झाले. खोबरेल लावलेली क्लॅडिंग परत राखेच्या रंगाची. पहिल्या पावसानंतर अर्धी गेली होती, तिसऱ्यानंतर सगळी. मास्तर, खरं ते खरं लिहायचं म्हणून लिहितोय. बाकी सगळं काळं आहे, बंपरचे दोन्ही भाग अजून सारखेच.

खानापूर_मास्तर | १८ मे, दुपारी १२.०५

योग्य लिहिलेत. मी दर पंधरा दिवसांनी लावत होतो म्हणून मला कधी दिसले नाही.

वडगाव_गल्ली | २९ जून, रात्री ९.३०

डावा भाग बोलू लागलाय. नंबर प्लेटच्या बाजूला, जिथं पाण्याचा मारा जास्त, तिथं रुपयाएवढे तीन-चार पांढरे ठिपके. कडेलाही एक पट्टा. उजव्या भागाला काहीच नाही. आज भर पावसात छत्री धरून बघितलं, उजवीकडं पाणी घरंगळतंय, खरं आता ते कोटिंगचं घरंगळणं आहे. डावीकडं काही ठिकाणी ओलं होऊन काळं दिसतंय आणि वाळलं की पांढरं. दादा, तुमची पाण्याची परीक्षा अशीही उपयोगी पडते.

निपाणी_२३ | ३० जून, सकाळी ७.००

माझ्या जीपचं जवसाचं तेल अजून आहे, खरं मागच्या बंपरवर टप्पे दिसूलालेत आणि धूळ आत धरलीय, धुतली तरी जात नाही. ताई म्हणाल्या तसंच. पावसाळ्यानंतर खरवडून काढतो आणि तुमच्या रीतीनं करतो. फडकी मात्र आता पाण्यात बुडवूनच ठेवतो, पोरांनाही शिकवलंय.

वडगाव_गल्ली | १ ऑक्टोबर, रात्री ८.४५

आज खंडेनवमी. सकाळी गाडी धुतली, झेंडू घातला, लिंबू ठेवलं, कुंकू लावलं. पूजेआधी बाबांना काठीसकट खाली घेऊन आलो. ते बंपरपाशी वाकले, हात फिरवला, आणि बोटं उलटी करून बघितली. काळं लागलेलं नव्हतं. बुटाचं पॉलिश लावलं होतं तेव्हा त्यांचं धोतर डागलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. मग उजव्या बाजूनं हळूहळू चालत मागच्या दारापर्यंत गेले. काही बोलले नाहीत, नारळ मात्र स्वतः फोडला.

आता पाच महिन्यांचा हिशोब. दोन्ही आरसे, उजवीकडची सगळी क्लॅडिंग, बंपरचा उजवा भाग: काळे. नव्या गाडीसारखी झाक नाही, मॅट आहे, मला तीच आवडते. बंपरचा डावा भाग: निम्म्याहून जास्त पांढरा, ताईंच्या गाडीसारखा नकाशा. तीच बाटली, तोच दिवस. पूजेला त्या भागावर मोठा हार टाकून झाकला, आणि बाबांना ते दिसलं असणार.

वायपरखालच्या जाळीचं मात्र जमलं नाही. ती पूर्ण घासून, परीक्षा करून लावली होती, तरी ऑगस्टपासून करडी पडतेय. बोटानं दाबलं की कडेला कट्कन आवाज येतो.

उद्यमबाग_मोल्डिंग | १ ऑक्टोबर, रात्री ९.२०

ती जाळी काचेच्या पायाशी असते, वरून थेट ऊन, खालून इंजिनची ऊब. आवाज येतोय म्हणजे नुसता वरचा थर गेलेला नाही, माल आतपर्यंत ठिसूळ झालाय. त्याला कशानंच गुण येणार नाही, बदला. जाळी तुटली तर पानं आणि पाणी आत उतरतं, ब्लोअरच्या बाजूला जातं. हा पार्ट क्लॅडिंगपेक्षा सहज मिळतो. नवीन आला की पहिल्याच दिवशी कोटिंग लावा, रसायनं शाबूत असतानाच.

टिळकवाडी_ताई | १ ऑक्टोबर, रात्री ९.४०

फोटो पाहिले. वडगाव, डावा भाग परत करताना उरलेलं जुनं कोटिंग आधी पूर्ण काढावं लागेल, नाहीतर काळ्याच्या कडा खालून दिसत राहतील. ऑल पर्पज क्लीनर थोडा जास्त जाड घे, पाच भाग पाण्यात एक. जिथं कोटिंग घट्ट बसलंय तिथं मऊ स्कॉचब्राइट अगदी हलक्या हातानं. दाणा जाऊ देऊ नकोस.

खानापूर_मास्तर | १ ऑक्टोबर, रात्री १०.१०

वडगावकर, एक विनंती होती. माझ्या गाडीवर सहा-सात वर्षांचे खोबरेल आहे. एकट्याने घासणे या वयात होणार नाही. आपण डावा भाग परत करणार असाल त्या दिवशी मी गाडी घेऊन आलो तर चालेल का? साहित्याचा खर्च माझा.

वडगाव_गल्ली | १ ऑक्टोबर, रात्री १०.२५

मास्तर, विनंती कसली ओ, हक्कानं या. रविवारी ५ तारखेला सकाळी सातला. ऊन यायच्या आत घासून झालं पाहिजे, म्हणून खानापुरातनं सहालाच निघा. खर्चाचं बोलू नका, बाटली अजून अर्धी आहे. येताना दोन जुने टूथब्रश तेवढे आणा, माझे सगळे झिजलेत. तेलकट गाडी आहे, सात-आठ वेळा फेस काढावा लागेल असं धरून चला. आंघोळ करून येऊ नका, इथंच करा, आणि जेवूनच जायचं. बाबांना सांगितलंय, कट्ट्यावर तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो म्हणालेत.